बिनगल्ल्याचं दुकान : द्यायला रांग, घ्यायला कोणी नाही

खारपाणी

नमस्कार मंडळी. मागे या संस्थळावर जुन्या कपड्यांवरच्या चर्चेत मी आमच्या गावातल्या फुकटच्या दुकानाचा ओझरता उल्लेख केला होता. तेव्हा दोघातिघांनी "सविस्तर लिही" म्हटलं होतं. सोयाबीन सोंगून झालं, तूर उभी आहे, कापसाची वेचणी चालू आहे, पण संध्याकाळी वेळ मिळतो. म्हणून लिहायला घेतलं.

गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यातलं. नाव लिहीत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचलं तर मला पारावर कोणी बसू देणार नाही.

दुकान म्हणजे गावच्या सहकारी सोसायटीच्या जुन्या गोदामाची पुढची खोली. दोन लोखंडी रॅक, कपडे टांगायला मंडपवाल्याकडून मिळालेले वाकडे पाईप, एक टेबल. गल्ला नाही. गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी उघडतं. कोणीही काहीही आणून ठेवावं, कोणीही काहीही न्यावं. सात जण आळीपाळीनं बसतो. त्यात एक निवृत्त पोस्टमन काका, बचत गटातल्या दोघी, शिवणकाम करणाऱ्या एक काकू, बारावीतली दोन पोट्टी आणि मी. पगार कोणालाच नाही. चहा ज्याच्या त्याच्या घरून येतो.

सुरुवातीला बाहेर 'माणुसकीची भिंत' असं रंगवलं होतं. इराणात २०१५ च्या सुमारास भिंतीला खुंट्या ठोकून कोट टांगायची चाल सुरू झाली आणि वर्षभरात ती आपल्याकडच्या शहरांतही आली, हे बहुतेकांना ठाऊक असेल. आम्हीही तेच उचललं. पहिल्या पंधरा दिवसांत खोली छतापर्यंत भरली. लोकांनी माळे रिकामे केले. आम्ही खूश. महिना झाला तरी ढीग तसाच. लोक यायचे, दारातून डोकावायचे, "छान चालू केलं बाप्पा" म्हणायचे आणि जायचे.

का, ते एका स्वेटरनं शिकवलं. जानेवारीतली गोष्ट. मजुरीला जाणारी एक बाई आपल्या पोरासाठी निळा स्वेटर बघत होती. हातात धरून बाह्या मापत होती. त्या स्वेटरला चार निळी बटणं आणि खालचं एक तपकिरी होतं. मूळचं हरवलं असणार, म्हणून घरात मिळालं ते लावलेलं. बाजूची बाई सहज म्हणाली, "काय वं, हे तं गुरुजीच्या पोराचं सेटर दिसते." बस्. तिनं स्वेटर घडी करून ठेवला, तोही अगदी खालच्या फळीवर, जणू हात लागलाच नव्हता. "मी तं नुसतं पाहून राह्यली होती," म्हणाली आणि गेली. तिचा पोरगा आणि गुरुजींचा पोरगा एकाच वर्गात. ते तपकिरी बटण वर्गात चाळीस पोरांनी ओळखलं असतं.

शहरात भिंत चालते, कारण शर्ट कोणाचा हे कोणाला माहीत नसतं. गावात शर्टाला चेहरा असतो. तो घातला की घालणारा मिंधा, आणि देणारा पारावर बसून बघतो, "माझाच आहे तो".

मग दोन गोष्टी केल्या. पहिली, कपड्यांची गाठोडी बदलली. आमच्या गटातल्या एका ताईचं माहेर नदीपलीकडे आहे. आमचे कपडे तिकडे, तिकडचे इकडे. तिथेही बचत गटच बघतो. आठवडी बाजाराला येणाऱ्या गाडीत गाठोडं टाकायचं, वेगळा खर्च नाही. ज्या दिवशी अनोळखी शर्ट टांगले गेले, त्या दिवसापासून कपडे हलायला लागले.

दुसरी गोष्ट जास्त अवघड गेली. आणून देणाऱ्यानं काहीतरी नेलंच पाहिजे. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण टेबलावर बसणारा तो सोडत नाही. पिशवी ठेवून निघालेल्या माणसाला पोस्टमन काका विचारतात, "तुम्ही काय नेता?" बरेच चिडले. एक मोठे कास्तकार तर म्हणाले, "आमाले काय कमी हाये? आमाले काऊन न्यायले लावता?" पण त्यांच्या कामाचं काही आमच्याकडे होतंच कुठे? कपडे थोडीच नेणार ते. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मग शिडी आणली. पान्यांची पेटी, वजनकाटा, पाहुण्यांच्या गाद्या, स्वयंपाकाचे मोठे गंज (पातेली), असं वापरून परत आणायचं सामान जमवलं. मृगाच्या तोंडावर तेच कास्तकार आले. कोठ्याचे कवेलू (गोठ्याची कौलं) फेरायचे होते, घरची शिडी मोडलेली. "दोन दिवस पाह्यजे होती." चारचौघांत खांद्यावर शिडी घेऊन गेले. त्यानंतरच्या रविवारी बाया जरा मोकळेपणी आत आल्या. मोठ्या घरचा माणूस इथून काहीतरी नेतो म्हटल्यावर नेण्यातली लाज पातळ झाली.

आणि तान्हा पोळा! विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात, घरोघरी जाऊन बोजारा (खाऊ किंवा पैसे) घेतात. पोरं मोठी झाली की बैल माळ्यावर धूळ खातात. ते मागून आणले. नऊ बैल आणि एक घोडा निघाला (घोडा कोणी का दिला, कोणास ठाऊक, पण तो पहिला गेला). मजुराचा पोरगा आणि दुकानदाराचा पोरगा एकाच बैलासाठी भांडले, तेव्हा मला बरं वाटलं. एका बैलाचं शिंग तुटून आलं. ते फेविकॉलनं चिकटवलंय, जरा वाकडं बसलंय.

आता काय घेत नाही, तेही सांगतो. औषधं नाही. फवारणीत वापरलेले कपडे नाही. आणि कीटकनाशकाचे रिकामे डबे, कॅन तर अजिबात नाही. आमच्याकडे पाणी खारट, त्यामुळे साठवायला भांडं कितीही असलं तरी कमीच. लोक चांगला पाच लिटरचा कॅन धुऊन आणतात, "पाण्याले कामी येईन कोणाच्या". २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते सगळ्यांना आठवतं, तरी कॅन फेकवत नाही. आम्ही कॅनला भोक पाडून परत देतो. शिव्या खातो.

तीन अडचणी आहेत, सुचवा : अगदी फाटक्या चिंध्यांचं काय करायचं, उंदरांचं काय करायचं, आणि जो माणूस इथून नेऊन बाजारात विकतो त्याचं काय करायचं.

मुठाकाठ

फार छान लिहिलंय! मी मूळची दर्यापूरचीच, आई अजून तिथे असते. इथे पुण्यात आमच्या सोसायटीत दिवाळीच्या साफसफाईत निघालेल्या सहा मोठ्या बॅगा पडून आहेत. सगळे ब्रँडेड, एकदा-दोनदा घातलेले. अजूनही जमतील. टेम्पो करून पाठवू का? पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा.

खारपाणी

@मुठाकाठ, मनापासून आभार, आणि तितक्याच मनापासून नको. मागच्या वर्षी एका ओळखीच्यांनी शहरातून असंच पाठवलं. त्यात घागरे, ब्लेझर, उंच टाचांच्या सँडल (एक जोडी पुरी, बाकी एकेकच), आणि 'बेस्ट मॅन' लिहिलेला टीशर्ट. तो टीशर्ट एका म्हाताऱ्या बुवांनी नेला आणि ते खरंच त्यात रुबाबदार दिसतात. पण बाकीचं निस्तरायला आम्हाला दोन महिने लागले.

लागतं ते असं : पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट. बाया वेचणीला जाताना लुगड्यावरून तेच घालतात, नाहीतर वाळलेल्या बोंडांची टोकं हात ओरबाडतात. रंग उडाला तरी चालेल, बटणं हवीत. चादरी. आणि नववी ते बारावीची पुस्तकं. आठवीपर्यंत ती शासनाकडून मोफत मिळतात. खरी ओढाताण नववीपासून.

ठेचा_भाकर

स्पष्ट बोलतो, राग नसावा. फुकट दिलं की किंमत राहत नाही. दहा रुपये का होईना, लावा. माणूस ताठ मानेनं घेईल आणि तुम्हाला वीजबिल निघेल.

खारपाणी

@ठेचा_भाकर, राग कसला. हे आम्हीही केलंय. नगाला पाच रुपये लावले. पहिल्याच आठवड्यात लोक म्हणाले, "मांडून ठेवा, कापूस इकल्यावर देतो." मग उधारीची वही आली. वही आली म्हणून गल्ला आला. गल्ला आला म्हणून त्यावर कोण बसणार याचा वाद झाला, आणि एका रविवारी ऐंशी रुपये कमी भरले. सात माणसांची इतकी वर्षांची मैत्री ऐंशी रुपयांवर आली होती. पोस्टमन काकांनी वही चुलीत घातली. लोकांनी 'बिनगल्ल्याचं दुकान' हे नाव त्यानंतर पाडलं, भिंतीवरचं नाव आम्ही मग पुसूनच टाकलं.

जुनेर

चिंध्यांचं उत्तर सोपं आहे. गोधडी! काकूंना शिवणयंत्र आहे ना? मधे फाटकं भरायचं, वर-खाली धड लुगडं. माझी आजी म्हणायची, की गोधडीत कोणाचं काय आहे ते शिवणाऱ्यालाच माहीत.

आणि एक विचारते. बाळाचे कपडे जातात का? कारण आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी पहिलं झबलं जुन्याचंच घालतात. नवं नको, कोणाचं तरी वापरून मऊ झालेलं हवं. तिथे ओळखीचं असणं उलट चांगलं मानतात.

खारपाणी

@जुनेर, अगदी नेमकं! झबली, टोपडी, लंगोट कधी पडून राहिलेच नाहीत. "हे कोणाच्या पोराचं?" असं विचारून नेतात, पोरगं धडधाकट असेल तर आनंदानं. तपकिरी बटणाचा स्वेटर आठ महिन्यांच्या बाळाचा असता, तर त्या बाईनं मिरवून नेला असता. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गोधडीचं काकूंना सांगतो.

निळी_शाई

एक अडचणीचा प्रश्न. तुम्ही 'लाज' म्हणालात, पण जातीबद्दल काहीच लिहिलं नाहीत. कोणत्या मोहल्ल्यातून आलेलं कापड कोणत्या मोहल्ल्यात जातं? विदर्भातल्या गावातच वाढलेय, म्हणून विचारते.

खारपाणी

टाळलं होतं, खरं आहे.

शिडी, पाने, पुस्तकं सगळीकडून सगळीकडे जातात. कपडे आता जातात, पण एकदा धुऊन, इस्त्री करून टांगल्यावर. आधी तसं नव्हतं. "हे गाठोडं कुठचं?" असं विचारायचे. म्हणजे काय विचारायचे, ते सगळ्यांना कळायचं. नदीपलीकडून येतं म्हटल्यावर प्रश्नच संपला. आम्ही तो सोडवला नाही, त्याला वळसा घातला. भांडी मात्र अजूनही अडतात. बौद्धपुऱ्यातल्या एका घरानं पितळेचा सुंदर गंज दिला, घासून आरशासारखा केलेला. दोन लग्नसराया तो तसाच राहिला. लोक शेजारचा पोचे आलेला ॲल्युमिनियमचा न्यायचे. शेवटी बारावीतल्या आमच्या पोट्टीनं स्वतःच्या बहिणीच्या हळदीला तो नेला. ती वरच्या आळीतली. घरात काय झालं, ते तिनं सांगितलं नाही, पण पुढचा महिनाभर दुकानात यायला तिला बंदी होती. आता ती येते. गंज अजून फारसा कोणी नेत नाही.

निळी_शाई

सांगितल्याबद्दल थँक्स. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

तांब्यापितळ

या सगळ्यात बोहारणीचा विचार केलात का? कपड्यावर भांडं देणाऱ्या बाया अजून गावोगाव फिरतात. त्यांचं पोट तुमच्या जुन्या साड्यांवरच. सगळं कापड तुमच्या गोदामात गेलं, तर त्यांनी काय करायचं?

खारपाणी

हे पहिल्यांदा ऐकतोय, आणि उत्तर नाही. आमच्याकडे एक मावशी दर दोन महिन्यांनी येतात. यंदा दारावरून ओरडत गेल्या, "कापड हाय का" म्हणून, पण कोणी बोलावलं नाही. मी ऐकलं होतं. जरीच्या, सिल्कच्या साड्या आमच्याकडे तशाही कोणी नेत नाही. त्या घरोघरच राहू द्या, इकडे आणू नका, असं सांगून बघतो.

कापूसकोंड्या

थोडं अवांतर. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला 'डिगर्स' नावाच्या टोळक्यानं अशी फुकट दुकानं काढली होती. नाटकवाली मंडळी. कोणी आत येऊन "मॅनेजर कोण?" विचारलं की उत्तर असायचं, "तुम्हीच". फार टिकलं नाही, वर्ष-दोन वर्षांत आटोपलं. पण तुमच्या पोस्टमन काकांचं "तुम्ही काय नेता?" वाचून तेच आठवलं.

बाकी यात अमेरिकेचं काय घेऊन बसलोय. कापणीला अख्ख्या गावानं एकाच्या वावरात उतरायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या, हे आपलंच. आमच्याकडे सावड म्हणतात, तुमच्याकडे इर्जिक ना?

खारपाणी

इर्जिकच. पण ती आता बरीच गेली. हार्वेस्टर आला, मजुरी रोख झाली. आणि एक बघा, नांगरटीच्या इर्जिकीत सगळ्यांकडे बैल हवेत. ज्याच्याकडे बैलच नाही, तो त्यात नुसता मजूर. तेव्हा फार गहिवरून येऊ नये.

वाटसरू७१

उपक्रम चांगला. दोन व्यावहारिक गोष्टी. वस्तूंची देवाणघेवाण करायला नोंदणीची घाई करू नका. पण गावातून पैशांची वर्गणी गोळा करणार असाल, तर धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली कळवावं लागतं. गणेश मंडळं घेतात तीच परवानगी. दुसरं, गोदामाच्या वापराचं लेखी असू द्या. सोसायटीच्या कमिटीचा ठराव घ्या. कमिटी बदलली की कुलूप बदलतं.

खारपाणी

@वाटसरू७१, तुमच्या तोंडात साखर पडो, पण जरा उशिरा. कुलूप बदलून झालंय. निवडणुकीआधी एका पुढाऱ्याला दुकानाचं 'उद्घाटन' करायचं होतं, फ्लेक्सवर फोटो, शेजारी कपडे घेताना चार बाया. दुकान दीड वर्ष चालूच होतं, उद्घाटन कसलं! आम्ही म्हटलं, या, शिडी न्या, फोटो मात्र नाही. पुढच्या गुरुवारी दारावर दुसरं कुलूप. अकरा दिवस आम्ही मारुतीच्या पारावर चटई टाकून दुकान मांडलं. शेवटी बचत गटाच्या बाया कमिटीच्या अध्यक्षांच्या घरी जाऊन बसल्या, नुसत्या बसल्या, जेवायच्या वेळेपर्यंत. किल्ली मिळाली. ठराव अजून नाही. या महिन्यात घेतो.

ऋणमोचनी

गाडगेबाबा याच मातीतले, १८७६ साली शेंडगावला जन्मले. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र, हेच ते सांगत राहिले. तुमच्या भिंतीवर आता जागा झाली आहे, तर ही ओळ लिहा, नाव कशाला हवं.

खारपाणी

बाबांबद्दल काय बोलावं, आमच्या घरी खराट्याला पाय लागला तरी नमस्कार करतात. पण ही ओळ भिंतीवर नको वाटते. 'उघड्यानागड्याला' वाचून कोण आत येईल? बाबा स्वतः अंगावर चिंध्या आणि डोक्यावर खापर घेऊन हिंडायचे. त्यांनी म्हटलेलं वेगळं, आमच्या इस्त्रीच्या शर्टांनी म्हटलेलं वेगळं.

ठेचा_भाकर

तो विकणारा राहिलाच की. त्याचं काय केलंत?

खारपाणी

बरं, ते. एक माणूस दर गुरुवारी यायचा, आठ-दहा शर्ट न्यायचा. नंतर कळलं, पलीकडच्या बाजारात वीस-तीस रुपयांना विकतो. आमच्यात दोन तट पडले. शिवणकामवाल्या काकू म्हणाल्या, मी बटणं लावते ती त्याच्या धंद्यासाठी का? पोस्टमन काका म्हणाले, फुकट म्हणजे फुकट, नेल्यावर तो शर्ट त्याचा, विकेल नाहीतर पुसणं करेल. मी आपला मधे. एकदा पाच नगांची मर्यादा घातली, तर तो बायकोला आणि भावाला घेऊन आला. पंधरा नेले.

जुनेर

त्यालाच बसवा ना टेबलावर. गुरुवारचा.

मुठाकाठ

@जुनेर, हाहा! आतापर्यंतची सगळ्यात चांगली सूचना.

खारपाणी

@जुनेर, हसू नका, विचारून बघतो. कपड्याची पारख त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे, हे काकूही मान्य करतात. नाक मुरडून.

वऱ्हाडी_मांजर

उंदरांसाठी मांजर पाळा. दुसरा उपाय नाही. कडुनिंबाचा पाला फक्त कसरीला. आमच्याकडे तीन पिल्लं आहेत, अंजनगावात. फुकट.

खारपाणी

@वऱ्हाडी_मांजर, एक पिल्लू ठरलं. पण नियम माहीत आहे ना, तुम्ही काय नेता?

वऱ्हाडी_मांजर

घोडा. पुढच्या तान्ह्या पोळ्याला. आतापासून नाव लावून ठेवा.

मुठाकाठ

जरा वेगळंच विचारते. परवा आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं अमरावतीला. उद्या घरी सोडतील. डॉक्टर वॉकर म्हणाले आणि कमोडची खुर्ची. मी विकत घेऊ शकते, तो प्रश्न नाही, पण निघायला मला परवा होईल आणि तोपर्यंत काही... तुमच्याकडे असं सामान असतं का? म्हणजे, ज्यांना खरंच गरज आहे त्यांचं अडवून नको.

खारपाणी

वॉकर दोन आहेत, एक आत्ता मोकळा. खुर्ची आहे, पण पाठीचा एक नट ढिला आहे, आज रात्री आवळून ठेवतो. वॉकरच्या एका पायाचं रबर गेलंय, ते फरशीवर घसरेल. दर्यापूरला मेडिकलमधून रबर घेतो आणि बसवूनच आणतो. आईंची उंची सांगा, म्हणजे पाय त्या मापाला लावून ठेवतो.

परत कधी, याची काळजी करू नका. तारीख आम्ही लिहीत नाही. घराची खूण व्यनि करा, उद्या दुपारी काका फटफटीवर घेऊन येतील.

मुठाकाठ

पाच फूट असेल. कमीच, आता वाकली आहे. व्यनि केलाय.

सहा बॅगांमधले पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट वेगळे काढते. बटणं बघून.